न चाखता केलेली वाइन

आमच्या घरात अकरा वर्षं वाइन होत होती आणि घरातलं कुणीही ती पीत नव्हतं. हे सांगितलं की लोक हसतात. पुण्याकडची पाहुणे मंडळी तर तोंडावर म्हणतात, "काय वहिनी, हलवायाच्या घरी पेढा खात नाहीत असं कुठं असतं का?" असतं. आमच्याकडे होतं. आणि त्यापायी काय घडलं ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही अर्धंच सांगितलंय.

मी मढकडची, डोंगरातली. आमच्याकडे भात आणि नाचणी. द्राक्षाची बाग मी पहिल्यांदा पाहिली ती लग्न होऊन ओतूरच्या खालच्या अंगाला आले तेव्हा. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, सासूला आत्याबाई. मामांच्या बागेतला एक तुकडा वाइनच्या द्राक्षांचा होता, कारण एक कंपनी बांधावर येऊन माल उचलायची. एका साली कंपनीनं माल घेणंच बंद केलं. आता ही द्राक्षं बाजारात कोण घेणार? मणी बारका, साल जाड, बी मोठी. पोरं तोंडात टाकतात आणि थू करतात. ज्यांनी ज्यांनी लावली होती त्यांनी वेली तोडून टोमॅटो लावला. मामा काही तोडायला तयार होईनात. मागं कधीतरी त्यांनी एका वाइनरीत दोन हंगाम टाक्या धुवायचं काम केलं होतं. "धुता धुता बघितलंय समदं," म्हणाले, "आपण आपली करू." लोकांना वाटलं म्हातारा येडा झाला. लायसनच्या कागदांसाठी ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, दीड वर्ष चपला झिजवल्या, तेव्हा कुठं विहिरीजवळच्या दगडी शेडात आमची वाइनरी सुरू झाली. वाइनरी म्हणजे काय, स्टीलच्या दोन टाक्या, एक दाबायचं मशीन आणि मामा.

न पिण्याचं कारण जुनं होतं. मामांचा थोरला भाऊ हातभट्टीची पिऊन पिऊन तिशीत गेला. त्याच्या तेराव्याला त्यांच्या आईनं मामांना समोर बसवलं आणि स्वतःच्या गळ्याची शपथ घातली, की जन्मात थेंब तोंडात घालणार नाहीस. त्यांनी घातला नाही. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी नाही. वाइन करायला लागले, तरी नाही. आणि मामा शिवत नाहीत म्हटल्यावर घरात कुणी शिवायचा प्रश्नच नव्हता. हे बाहेर काय करत असतील ते मी विचारलं नाही, झाकली मूठ बरी. पण शेडातल्या वाइनला घरातल्या माणसाचं तोंड लागायचं नाही, हा नियम होता.

मग कळायचं कसं? नाकानं आणि कानानं. खोटं नाही सांगत. फेब्रुवारीत पहाटे द्राक्षं तोडायची, उन्हाच्या आत. बाया मोबाईलवर मोठ्यांदा गाणी लावून बागेत शिरायच्या, बिबट्याला कळावं म्हणून. तोडलेली द्राक्षं मामा धुऊ द्यायचे नाहीत. मण्यावर जी पांढुरकी धूळ असते तीच ती आंबवते, ती धुतली की संपलं, म्हणायचे. तोडणीच्या चार दिवस आधी थोडे घड चिनी मातीच्या बरणीत चुरून ठेवायचे. ते फसफसायला लागलं की तेच विरजण म्हणून टाकीत. बाजारची पुडी त्यांनी कधी आणली नाही. "दुसऱ्याच्या घरचं विरजण कशाला?" म्हणायचे. मग दहा-बारा दिवस सकाळ-संध्याकाळ वर आलेला सालांचा थर लाकडी दांड्यानं खाली दाबायचा. आणि रोज टाकीला कान लावून बसायचं. "बोलती अजून," म्हणायचे. बोलायची थांबली की चोथा काढून दाबायचा, रस परत टाकीत, आणि झाकण बंद. दोन्ही टाक्यांना त्यांनी नावं दिली होती, थोरली आणि धाकटी. वैशाखात दोघींना ओल्या गोणपाटांत गुंडाळायचे आणि दर तासाला पाणी मारायचे. आत्याबाई म्हणायच्या, "माझ्या बाळंतपणात एवढं केलं असतं तर!"

आठवड्यातून दोनदा मामा झाकण उघडायचे, दोन थेंब बोटांवर घेऊन चोळायचे आणि डोळे मिटून वास घ्यायचे. तेवढ्यावर सांगायचे, हिला आता हलवायची, हिला महिनाभर हात लावायचा नाही. मंचरचा एक दुकानदार दरसाल येऊन चव घ्यायचा आणि माल उचलायचा. तो म्हणायचा, "दादा, तुमचं नाक काढून ठेवा, म्युझियममध्ये ठेवू." अकरा वर्षांत मामांचा अंदाज एकदाही चुकला नाही.

आता माझं सांगते. तिसऱ्या का चौथ्या वर्षी वाइन एका टाकीतून दुसरीत घेताना हातपंप मोडला. मामा ओतूरला सामान आणायला गेले आणि इकडे पाइप अर्धवट भरलेला. मी काय केलं, ट्रॅक्टरमधून डिझेल काढताना ओढतात तसा पाइप तोंडात धरला आणि ओढला. वाइन धो धो सुरू झाली, पण एक घोट माझ्या तोंडात. थुंकणार होते. थुंकले नाही.

कशाला खोटं बोलू, मला ती लई आवडली. नशा वगैरे काही नाही हो, एका घोटानं काय होतंय. पण जिभेवर आधी आंबट, मग जांभूळ खाल्ल्यावर तोंडाला मिठी बसते तसं, आणि मग बऱ्याच वेळानं काहीतरी गोडसर मागून आलं. लहानपणी डोंगरात आम्ही करवंदं खायचो तेव्हा कुठल्या जाळीचं करवंद हे मी डोळे मिटून सांगायची, पोरी पैजा लावायच्या. ती माझी जीभ मला त्या शेडात परत सापडली. त्या दिवसापासून मी दर आठवड्याला एक चमचा घ्यायची. मामा दुपारी झोपले की, शेडाच्या मागं, विहिरीकडं तोंड करून. ताकाला जाऊन भांडं लपवणारी मी. पण घरात मला माझं म्हणून एवढं एकच होतं. स्वयंपाक सगळ्यांचा, शेत सगळ्यांचं. हा एक चमचा माझा होता. कुठल्या वर्षी थोरली बरी, कुठल्या वर्षी धाकटी, पाऊस जास्त झाला की चव कशी पातळ होते, सगळं मला पाठ होतं. आणि सांगायला कुणी नाही.

मग ती साथ आली. आमच्याकडे मामा आणि आत्याबाई दोघांनाही एकाच आठवड्यात ताप भरला. दोघांना दवाखान्यात नेलं, परत मामा एकटे आले. आत्याबाईंचं तोंडही आम्हाला बघायला मिळालं नाही. त्यावर मी जास्त लिहीत नाही, ज्यांच्या घरात झालंय त्यांना ठाऊक आहे.

मामा परत आले ते गप्प होऊन. मला वाटलं दुःख आहे, होईल कमी. एक दिवस चहा द्यायला शेडात गेले तर आत इतका घाण वास की मी पदर नाकाला लावला. गोणपाटांच्या ढिगामागं उंदीर मरून फुगला होता. आणि मामा त्याच्यापासून हातभरावर बसून बिडीचं बंडल सोडत होते. मी म्हटलं, "मामा, वास!" ते एक क्षण माझ्याकडे बघत राहिले. मग घाईनं म्हणाले, "व्हय, व्हय, कवाधरनं येतोय. काढणारच व्हतो."

त्या माणसाचं नाक गेलं होतं. साथीत पुष्कळांचं जातं आणि महिन्याभरात परत येतं, असं सगळे म्हणत होते. त्यांचं आलं नाही. आणि ते कुणाला सांगत नव्हते. मी तरी काय बोलणार? बायको गेली, नाक गेलं, उरलं काय तर टाक्या. त्या कशा काढून घ्यायच्या? मी उंदीर उचलून लांब टाकला आणि गप्प बसले.

फेब्रुवारीत मामांनी नेहमीसारखी द्राक्षं तोडली. बरणीत विरजण लावलं. कान शाबूत होते, तेव्हा टाकी बोलायची कधी थांबली ते त्यांना बरोबर कळलं. तिथपर्यंत सगळं सुरळीत. पण झाकण लावल्यावर कान काय करणार? तिथून पुढं सगळा नाकाचा कारभार. आठवड्यातून दोनदा ते झाकण उघडायचे, बोटं चोळायचे, डोळे मिटायचे. "झ्याक हाय," म्हणायचे. ह्यांना ते खरं वाटायचं. मला ते बघवायचं नाही. देवळात डोळे मिटून उभं राहावं आणि आत काहीच नसावं, तसं ते तोंड दिसायचं.

वैशाखाच्या सुरुवातीला मी थोरलीचा चमचा घेतला आणि जिभेच्या कडेला काहीतरी टोचलं. बारीकसं. दुसऱ्या दिवशी परत घेतला, परत टोचलं. नाकातही जरा झिणझिणलं. झाकणाचं रबर कडक होऊन फाटलं होतं, आत वारा जात होता, आणि वाइनला वारा लागला की ती शिरक्याकडे, म्हणजे व्हिनेगरकडे, निघते. मामांना हे पहिल्या दिवशी वासावरनं कळलं असतं. रबर बदललं असतं, गंधकाचा धूर दिला असता, टाकी गळ्यापर्यंत भरली असती. त्या वेळेला ती वाचली असती, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगते.

मग मी सांगितलं का नाही? अहो, काय सांगणार? "मामा, वाइन आंबायला लागलीय." ते विचारणार, तुला काय ठाऊक? "मी चाखली." म्हणजे एका वाक्यात दोन थोबाडीत. एक, सून सात-आठ वर्षं तुमची शपथ मोडत आलीय. दोन, तुमचं नाक मेलंय आणि ते मला ठाऊक आहे. माझी जीभच उचलेना.

आडून आडून बोलले. "मामा, थोरलीचं रबर जुनं झालंय वाटतं." म्हणाले, "वास बरोबर हाय तिचा." दोन दिवसांनी परत म्हटलं, तर खेकसले, "तू सैपाकाचं बघ. अकरा वर्सं मी काय झोपा काढल्या व्हय?" मामा माझ्यावर कधी आवाज चढवत नव्हते. ते घाबरले होते, आता कळतं. तेव्हा मला राग आला. मनात म्हटलं, जाऊ दे मरू दे. आणि चार दिवस खरंच जाऊ दिलं. ते चार दिवस मला माझ्या नावावर मांडावे लागतील.

पाचव्या दिवशी राहवेना. म्हटलं, न सांगता आपणच करू. दुपारी मामांचा डोळा लागला तशी शेडात गेले, थोरलीच्या झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बसवली. मग टाकी गळ्यापर्यंत भरायची म्हणून धाकटीतली वाइन पाइपनं थोरलीत घेतली. किती शहाणी मी! तोच पाइप, तीच बादली, थोरलीत बुडलेली, परत धाकटीत घातली. नासका आंबा अढीत ठेवू नये हे पोरासोरांना कळतं. मी तो आपल्या हातानं ठेवला. वर धाकटी अर्धी रिकामी झाली, तिच्यातही वाऱ्याला जागा झाली. पंधरा दिवसांनी धाकटीचा चमचा घेतला तर तीच झिणझिण. मी विहिरीच्या काठावर बसून स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. अक्षरशः.

तरी बोलले नाही. आता तर बोलण्यासारखं उरलंच नव्हतं. मी रोज देवाला म्हणत होते, दुकानदार येऊ नको दे. त्याची गाडी बिघडू दे, त्याचं पोट बिघडू दे. तो आला.

मी चहाचा ट्रे घेऊन शेडाच्या दारात पोचले तेव्हा मामा थोरलीच्या नळाखाली ग्लास धरून होते. शेजारी हे, समोर दुकानदार. त्यानं ग्लास घेतला, तोंडाला लावला, आणि माझ्या अंगावरून बाहेर जाऊन जास्वंदीच्या बुडाशी थुंकला. परत येऊन हळूच म्हणाला, "दादा, ही बाटलीत घालू नका."

मामा म्हणाले, "का? वास तर बरोबर हाय."

दुकानदार चांगला माणूस. त्यानं आधी ह्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "दादा, वास दारापासून येतोय."

धाकटीतली घेतली. तेच. मग मामांनी दुकानदाराच्या हातातला ग्लास काढून घेतला, नाकाला लावला, खोल श्वास घेतला. परत घेतला. त्या तोंडावर काही उमटलं नाही, आणि ते सगळ्यांनी बघितलं. आता नवऱ्याच्याही ध्यानात आलं. ते पुढं झाले, "दादा, राहू द्या," म्हणाले, आणि तेवढ्यात मामांनी ग्लास तोंडाला लावला.

"दादा!" हे ओरडले.

मामांनी घोट तोंडात धरला. आयुष्यात पहिल्यांदा. आईच्या गळ्याची शपथ मोडून स्वतःच्या हातची वाइन त्यांनी चाखली ती ही, माझ्या गप्प बसण्यानं नासलेली. गिळली. डोळ्यांत पाणी आलं, आंबटानं का कशानं कुणास ठाऊक. आणि लहान पोरानं विचारावं तसं आमच्याकडे बघून म्हणाले, "अशीच लागती व्हय?"

सांगू शकत होते ती मी, आणि मी ट्रे धरून उभी होते.

दोन्ही टाक्यांचे नळ मामांनी स्वतः सोडले. वाइन पाटानं बागेच्या कडेला जाऊन जिरली. आठवडाभर शेडाभोवती माश्या होत्या. मामा जेवायचे, झोपायचे, पण शेडाकडे फिरकायचे नाहीत. ह्यांनी धीर करून विचारलं, "बागेचं काय करायचं?" मामा म्हणाले, "काढ." एवढंच. मी मधे पडले, म्हटलं, एक वर्ष बघू या. मामा म्हणाले, "कुनाच्या नाकावर बघायचं?" मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. माझ्या जिभेवर बघू, मामा. तोंडापर्यंत आलेलं गिळलं. जेसीबी आला आणि दोन दिवसांत वेली, खांब, तारा, सगळं बांधावर.

त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. मामा येऊन समोर टेकले. दोन काड्या उचलल्या, त्याही निवडायला लागले. मग खाली बघतच विचारलं, "चांगली कशी लागती गं?"

"काय, मामा?"

"वाइन."

मी म्हटलं, "मला काय ठाऊक?" सवयच तशी होती.

"तुला ठाऊक हाय," म्हणाले. "त्या दिशी मी समद्यांची तोंडं बघितली. तो दुकानदार बाहेर जाऊन थुकला तवा तुजंबी बघितलं. समदे चमकले. तू चमकली न्हाईस. तुला आधीच म्हाईत व्हतं."

मला वाटलं आता धरणी फाटावी. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग मी सांगितलं. पाइपचं सांगितलं, चमच्याचं सांगितलं, थोरली-धाकटीची बादली एक केली तेही सांगितलं आणि रडले. मामा म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. चांगली कशी लागती ते सांग."

म्हणून मी सांगत गेले. ज्या वर्षी पाऊस कमी झाला त्या वर्षीची थोरली कशी जांभळासारखी जिभेला धरायची. ज्या वर्षी तोडणी उशिरा झाली त्या वर्षीची धाकटी कशी मनुक्यासारखी, गोड नाही पण गोडाची आठवण येईल अशी. सगळ्यात चांगली कुठली, तर आत्याबाई गेल्या त्याच्या आदल्या वर्षीची. ती तोंडात घेतल्यावर गिळूच नये वाटायचं. एकेक वर्ष सांगितलं. मामा डोळे मिटून ऐकत होते. मेथी निवडायची तशीच राहिली. मधेच म्हणायचे, "त्या वर्सी मी लवकर दाबली व्हती, म्हणून." किंवा, "व्हय, मला वासात तेच लागलं व्हतं, पण मी म्हटलं भास आसंल." मी जिभेनं जे धरलं होतं तेच त्यांनी नाकानं धरलं होतं, दरसाल, एकाच शेडात, तो माणूस टाकीपुढं आणि मी भिंतीमागं. आमची गाठ एकदाही पडली नव्हती.

सांगून झालं. मामा उठले, धोतर झटकलं. उपटलेल्या रानाकडे बघत उभे राहिले आणि मला म्हणाले, "मग एवढी वर्सं मी एकटाच कशाला व्हतो गं?"